मंद पडलेल्या संगमरवराला पुन्हा चकाकी: घासकामापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

संगमरवराची फरशी मंद पडली की पहिला प्रश्न येतो, "हिच्यावर काय लावायचं?" मग चकाकी आणणारी एखादी बाटली येते, चार दिवस फरशी झळकते आणि पाचव्या दिवशी तिच्यावर पावलांचे तेलकट ठसे दिसायला लागतात. मग दुसरी बाटली. दोन-तीन वर्षांनी त्या फरशीवर दगड कमी आणि लेपच जास्त दिसतो.

एक साधा प्रयोग करून पाहा. मंद पडलेल्या जागेवर थोडं पाणी टाका. ओली असेपर्यंत ती जागा नव्यासारखी दिसेल, रंग गडद होईल, शिरा उठून दिसतील. वाळली की पुन्हा पांढुरकी. दगडावर असंख्य बारीक ओरखडे पडलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून दाही दिशांना विखुरतो. पाणी त्या ओरखड्यांत भरतं आणि पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो. मेण किंवा अ‍ॅक्रिलिकचा लेप हेच करतो, फक्त तो पाण्यासारखा उडून जात नाही. खरं पॉलिश ओरखडे भरत नाही, घासून काढतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. दगडाचा खडबडीतपणा त्याच्याही खाली गेला की दगड आपणहून प्रतिबिंब दाखवू लागतो. खालची सगळी खटपट एवढ्याचसाठी.

फरशी मंद का पडते

संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली स्फटिकरूप झालेला चुनखडक. त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट, खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोह्जच्या मापावर फक्त ३. चपलांना चिकटून घरात येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कठीणपणा ७. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस पायाखाली थोडा पॉलिशपेपर घेऊनच चालतो म्हणा ना. म्हणून दाराजवळची, जिन्याच्या पायऱ्यांची मधली आणि ये-जा असलेल्या वाटेवरची फरशी आधी जाते. सोफा किंवा कपाट सरकवून पाहा. मूळ चकाकी किती होती याचा नमुना तिथे जपलेला सापडेल. काम झाल्यावर तुलनेला तोच उपयोगी पडतो.

दुसरं कारण आम्ल. लिंबाचा रस, व्हिनेगर, संडास-बाथरूम साफ करायची आम्लयुक्त द्रव्यं यातलं काहीही सांडलं की कॅल्साइट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पॉलिश झालेला वरचा पापुद्रा खाल्ला जातो. याला काही मिनिटंही पुरतात.

यंत्र आणण्याआधी तपासणी

या टप्प्यावर घाई झाली की पुढचं सगळं काम चुकीच्या नंबरपासून, म्हणजे चुकीच्या भरडपणाच्या पॅडपासून सुरू होतं. अर्धा तास द्या, एक विजेरी घ्या आणि पुढच्या गोष्टी पाहा.

दगड खरोखर संगमरवर आहे का? कुठे दिसणार नाही अशा कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर मंद ठिपका उरला, तर दगड कॅल्साइटचा आहे. काहीच झालं नाही तर तो ग्रॅनाइट असू शकतो, आणि त्याची पावडर आणि पद्धत वेगळी. हिरवा "मार्बल" म्हणून विकला जाणारा पुष्कळसा दगड प्रत्यक्षात सर्पेंटिनाइट असतो. तो आम्लाला फारसा दाद देत नाही, त्यामुळे आम्लावर चालणारी पॉलिश पावडर त्याच्यावर चालत नाही. दगडाचा चुरा रेझिनमध्ये बांधून बनवलेल्या कृत्रिम मार्बलला उष्णता सोसत नाही, तिथे यंत्र हळू आणि पाणी जास्त.

वर लेप आहे का? कोपऱ्यात ब्लेड आडवं धरून हलकेच खरवडा. पांढरे पापुद्रे किंवा मेणाची वळी निघाली तर आधी लेप उतरवणारं, दगडाला चालणारं रसायन वापरून तो पूर्ण काढायचा. लेपावर डायमंड पॅड, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली घासायची चकती, चालवलं की ते काही मिनिटांत चोंदतं आणि घासण्याऐवजी नुसतं घसरतं.

डाग आहे की आम्लाचा चट्टा? इथे फार लोक फसतात. डाग म्हणजे दगडात काहीतरी शिरलंय, त्यामुळे ती जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसते. चट्टा म्हणजे दगडातून काहीतरी गेलंय, त्यामुळे ती जागा फिकट आणि निस्तेज दिसते, पण तिथला रंग तोच असतो. पेल्याच्या बुडाची गोल खूण बहुतेक वेळा चट्टाच असते. चट्टा कितीही धुतला तरी जात नाही, घासूनच जातो. उलट तेलाचा खोल मुरलेला डाग घासून जात नाही. तो शोषक मातीचा लेप लावून बाहेर ओढावा लागतो, आणि तेही पॉलिशच्या आधी.

ओरखडे किती खोल? नखाने आडवं चाचपून पाहा. नख अडकलं तर खरडकाम लागणार. नुसते डोळ्यांना दिसतात पण नखाला लागत नाहीत, तर मधल्या नंबरपासून सुरुवात पुरे.

फरश्या एका पातळीत आहेत का? सरळ पट्टी सांध्यावर आडवी ठेवा. एका फरशीची कड वर आली असेल तर तिथे पट्टी डुलते. त्याच वेळी फरश्यांवर टिचकी मारून ऐका. पोकळ, बद्द आवाज आला तर खालचा मसाला सुटलाय. जड यंत्राखाली अशी फरशी तडकू शकते, म्हणून ती आधी बसवून घ्यायची.

कुठल्या नंबरपासून सुरुवात

घासायच्या पॅडवरचा नंबर म्हणजे अपघर्षक कण किती बारीक त्याची खूण. मूळ हिशेब चाळणीचा, इंचाला किती छिद्रं. १०० नंबरचा कण साधारण १५० मायक्रॉनचा, २००चा ७५चा, ४००चा ३७-३८चा. नंबर दुप्पट झाला की कण साधारण निम्मा. नेहमीची साखळी ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० अशी असते.

कडा वर-खाली असतील तर धातूत बसवलेल्या हिऱ्याच्या भरड चकत्यांपासून किंवा ५० नंबरपासून सुरुवात. नखाला लागणारे ओरखडे असतील तर १०० किंवा २००. सगळी फरशी सारखी मंद पण ओरखडे बारीक, तर ४००. नुसते आम्लाचे हलके चट्टे, तर ८०० नाहीतर थेट पॉलिश पावडर.

माझा सल्ला असा की फूटभर चौकोनात आधी करून पाहा. ४०० ने सुरू करा आणि शेवटपर्यंत न्या. शेवटी जुना ओरखडा चमकत्या पृष्ठभागावर तसाच दिसत असेल, तर एक पायरी खाली या. एका चौकोनावरचा हा खटाटोप पूर्ण खोलीचा चुकलेला दिवस वाचवतो.

तयारी

खोली रिकामी करा. लाकडी दारांच्या चौकटी, स्कर्टिंग आणि कपाटांचा खालचा भाग टेप आणि प्लास्टिकने झाका. घासताना दुधाळ चिखल उडतो आणि लाकडावर वाळला की काढायला चिवट. झाडू आणि व्हॅक्यूमने सगळी वाळू उचला, कारण एक खडा पॅडखाली सापडला की तो गोल चरा काढत जातो.

काम पाण्यात चालतं आणि यंत्र विजेवर, म्हणून ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारं उपकरण) असलेलं कनेक्शन हवंच. वायरी जमिनीवर पाण्यात लोळू द्यायच्या नाहीत. रबरी बूट, हातमोजे, चष्मा. घासणं ओलं ठेवण्याचं एक कारण पॅड थंड राखणं. दुसरं, धूळ हवेत उडू न देणं. कोरडं घासणारा कारागीर झटपट काम करतोय असं वाटेल, पण त्याने तुमच्या सगळ्या घराला पावडर लावलेली असते.

घासकाम

मोठ्या फरशीवर एका चकतीचं जड यंत्र चालतं, मिनिटाला साधारण १७५ फेरे घेणारं, किंवा तीन-चार डोकी स्वतःभोवती फिरवणारं यंत्र. पायऱ्या, ओटा आणि भिंतीलगतची कड यांना हातयंत्र.

पॅड लावा, फरशीवर पाणी टाका आणि यंत्र सारख्या वेगाने न्या, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. एकाच जागी थांबायचं नाही, तिथे खळगा पडतो. एक फेरा खोलीच्या लांबीने, दुसरा रुंदीने. दिशा बदलण्यामागे कारण आहे: नव्या नंबरचे चरे आडवे जात असले की आधीच्या नंबरचे उभे चरे उरलेत का ते लगेच ओळखू येतं. एकाच दिशेने घासत राहिलात तर जुने चरे नव्यात लपतात आणि थेट शेवटच्या पॉलिशमध्ये तोंड वर काढतात.

भरड नंबरवर काम करताना पेन्सिलीची एक युक्ती आहे. फरशीवर पेन्सिलीने जाळीसारख्या रेषा मारा आणि घासा. उंच भागावरच्या रेषा आधी पुसल्या जातात, खळग्यातल्या तशाच राहतात. सगळ्या रेषा गेल्या म्हणजे यंत्र सगळीकडे पोचलं.

प्रत्येक नंबरनंतर चिखल उचलायचा. नुसता वायपरने ढकलायचा नाही, ओला व्हॅक्यूम असेल तर त्याने ओढून घ्यायचा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचं. १०० नंबरचा एखादा कण ८००च्या पॅडखाली राहिला तर तो १००चाच ओरखडा काढणार, आणि त्याला काढायला तुम्हाला पुन्हा मागे जावं लागणार. हा चिखल मोरीत ओतू नका. तो बसतो, घट्ट होतो आणि नळी बुजवतो. बादलीत राहू द्या, वरचं पाणी निवळलं की खालचा गाळ कचऱ्यात टाका.

मग वाळू द्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण हेच टाळलं जातं. ओला दगड ओरखडे लपवतो, सुरुवातीच्या पाण्याच्या प्रयोगात तेच दिसलं होतं. पुढच्या नंबरवर जाण्याआधी हातभर जागा कोरडी करा, विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा आणि पाहा. आधीच्या नंबरचा एकही चरा दिसला, तर पुढे जायचं नाही.

नंबर गाळू नका. ५० वरून थेट ४०० वर उडी मारली, तर ४००चं पॅड ३०० मायक्रॉनच्या आसपासच्या कणाने पाडलेले चरे काढायला असमर्थ असतं. ते फक्त त्यांच्या कडा गोलसर करतं. दिवसभराच्या कामानंतर फरशी चमकते, पण खिडकीतून ऊन आलं की तिच्यात गोल गोल भोवरे दिसतात. असं काम पाहिलं की कुठला नंबर गाळला ते पुष्कळदा सांगता येतं.

भरड घासून झाल्यावर, २००च्या आसपास, दगडातली छिद्रं आणि तुटलेल्या कडा उघड्या पडलेल्या असतात. भराव करायचा तो या वेळी. रंग जुळवून पॉलिएस्टर रेझिन किंवा इपॉक्सी भरा, घट्ट होऊ द्या, मग त्याच नंबरने सपाट करा आणि पुढे जा. शेवटी भराव केला तर आजूबाजूचं पॉलिश बिघडतं, म्हणून तो शेवटी करायचा नाही. सांधे उकरून नव्याने भरायचे असतील तर तेही इथेच.

४०० झाल्यावर फरशी मखमलीसारखी मऊ लागते, चमक नसते. काहींना ही मंद पोतच आवडते आणि तिथेच थांबावंसं वाटतं. वाईट कल्पना नाही. पायऱ्या आणि ओल्या जागांवर घसरण कमी होते आणि पुढचे आम्लाचे चट्टे कमी उठून दिसतात. ८०० वर हलकी चमक येते, १५०० वर खिडकीचा अंधुक आकार दिसतो, ३००० वर चौकटीच्या कडा ओळखू येतात.

कडांबद्दल एक कबुली. पहिल्यांदा असं काम करून घेतलं तेव्हा मी फक्त मधलीच फरशी पाहिली. मोठं यंत्र भिंतीपर्यंत जात नाही, आणि महिनाभराने ध्यानात आलं की प्रत्येक खोलीला चार बोटांची निस्तेज किनार राहिली आहे. ती नंतर एकटीच सुधारता येत नाही, कारण हातयंत्राची चमक आणि मोठ्या यंत्राची चमक जुळवावी लागते. म्हणून प्रत्येक नंबरला आधी कडा, मग मधला भाग.

शेवटची चकाकी

पॅडने ३००० पर्यंत गेल्यावर उरलेला हात पावडरचा. संगमरवरासाठीची बरीचशी पॉलिश पावडर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि ऑक्झॅलिक आम्ल यांची असते. आम्ल कॅल्साइटशी थोडी प्रक्रिया करतं, अपघर्षक घासत राहतं आणि घर्षणाची ऊब दोन्हींना जोर देते. टिन ऑक्साइडची पावडर आम्लाशिवाय, फक्त घासून काम करते. ती महाग पण सौम्य, आणि गडद दगडांना मला ती बरी वाटते, कारण काळ्या संगमरवरावर ऑक्झॅलिकचा पांढुरका थर पटकन दिसतो.

एका वेळी चौरस मीटरभर जागा घ्या. जेमतेम मूठभर पावडर आणि थोडं पाणी, पातळ चिखलासारखं मिश्रण. पांढरं किंवा केसाळ पॅड लावून तीन-चार मिनिटं यंत्र फिरवा. मिश्रण वाळायला लागलं की फवाऱ्याने थोडं पाणी मारा. कोरडं पडू द्यायचं नाही. झालं असं वाटलं की लगेच उचला, धुवा, वाळवा, पाहा. आणखी हवं असेल तर पुन्हा करा. सुरुवातीलाच जास्त पावडर आणि जास्त वेळ दिला तर दगड भाजतो, म्हणजे आम्ल मऊ दाणे जास्त खातं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार होतो. मग ४००वर परत.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा, मुलं आणि पाळीव जनावरं दुसऱ्या खोलीत, आणि ओटा असेल तर धुण्यात कसर नको.

क्रिस्टलायझेशनबद्दल थोडं. फ्लुओसिलिकेट असलेलं द्रव फवारून जड यंत्राखाली स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तारांच्या गुंत्याने) घासतात. उष्णतेने कॅल्साइटशी प्रक्रिया होऊन वर कॅल्शियम फ्लोराइडचा पातळ थर तयार होतो. फ्लुओराइट मोह्जवर ४, म्हणजे कॅल्साइटपेक्षा एक घर वर. नीट घासलेल्या फरशीवर, ये-जा जास्त असलेल्या जागी याचा उपयोग होतो. पण पुष्कळदा हे घासकामाला पर्याय म्हणून विकलं जातं, आणि तिथे मला शंका येते, कारण ओरखडे थराखाली तसेच राहतात. स्टील वूलचे तुकडे फरशीत राहिले तर गंजून पिवळे ठिपकेही पडतात, म्हणून नंतर झाडून, चुंबक फिरवून सगळे उचलायचे.

मोठं काम असेल तर चमक मोजून घेता येते. चमकमापक यंत्र ६० अंशांत प्रकाश टाकून परतलेला किती ते दाखवतं. १.५६७ अपवर्तनांकाच्या काळ्या काचेला १०० धरलेलं असतं. आधी दहा जागांवर आकडे घ्या, नंतर त्याच जागांवर. कारागीर आणि मालक यांच्यातला "चमकतेय" आणि "नाही चमकत" हा वाद आकड्यांपुढे लवकर मिटतो.

सीलर

सीलर दगडात शिरतो आणि द्रव आत झिरपणं हळू करतो. म्हणजे तो डाग रोखतो, आम्लाचा चट्टा रोखत नाही. चट्टा वरच्या पृष्ठभागावर पडतो, आणि तिथे सीलर जवळजवळ नसतोच. "सील केलंय, आता काळजी नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या आणि लिंबू मात्र दूर ठेवा.

लावण्याआधी दगड पूर्ण वाळलेला हवा, घासकामानंतर किमान एक-दोन दिवस, दमट हवेत जास्त. गरज आहे का हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंबाखालचा दगड दहा-पंधरा मिनिटांत गडद झाला तर सीलर लावा. झाला नाही तर कशाला? घट्ट दगडावर सीलर शोषला जात नाही, वर चिकट थर होतो आणि तो पुन्हा काढत बसावं लागतं. लावलाच तर बाटलीवर दिलेल्या वेळानंतर उरलेला पुसून टाकायला विसरू नका.

काम देण्याआधी कारागिराला काय विचारायचं

कुठल्या नंबरपासून सुरू करणार आणि प्रत्येक नंबर वापरणार का? कडा हातयंत्राने त्याच नंबरपर्यंत नेणार का? चिखल कुठे जाणार? शेवटची चकाकी पावडरची, क्रिस्टलची की मेणाची? शेवटच्या प्रश्नाला "मशीनची" असं उत्तर मिळालं तर आणखी विचारा. नमुन्याचा चौकोन करून दाखवायला तयार नसलेल्या माणसाला मी काम देत नाही. जाणता कारागीर तो स्वतःहूनच करतो, कारण त्यालाही दगड ओळखायचा असतो.

झाल्यानंतर

पहिले दोन-तीन दिवस जड फर्निचर ओढू नका आणि खुर्च्यांच्या पायांना वाटी किंवा फेल्ट लावा. पायपुसणी दाराच्या आत एक आणि बाहेर एक. रोज कोरड्या मायक्रोफायबरने धूळ उचला. पुसताना साधं पाणी किंवा उदासीन पीएचचं दगडाचं द्रव, तेही बाटलीवर सांगितलेल्या मात्रेतच, जास्त घातलं तर चिकट थर साठून फरशी पुन्हा मंद दिसते. व्हिनेगर, लिंबू, फिनाइलचे अज्ञात प्रकार आणि खरखरीत पावडर नको. काही सांडलं तर पुसून पसरवू नका, कापड ठेवून टिपा.

ये-जा असलेली वाट काही वर्षांत पुन्हा मंद होईल. त्या वेळी ५० पासून सुरुवात करायची गरज नाही, लवकर हात घातला तर ८००पासून पुढचं पुरतं, आणि संगमरवराचा फार कमी थर जातो. म्हणून आज शेवटी कुठला पॅड, कुठली पावडर, कुठला सीलर वापरला ते कागदावर लिहून घ्या आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी येणारा माणूस वेगळा असेल, आणि त्याला पहिल्या चौकोनाचा अंदाज त्या कागदावरून येईल.